नाक्यावरचे मोरखडे साहेब

भर नाक्यावर, सहलीला निघालेल्या शाळेच्या साऱ्या पोरांदेखत, एका परक्या पुरुषाने मला केसांतला गजरा काढायला लावला. मोरखडे साहेबांची आणि माझी पहिली भेट ही अशी.

मी खामगावची. माहेरी कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती, आणि नोकरी लागल्यावर तर मुळीच नव्हती. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला एका खेड्यात माझी मास्तरीण म्हणून नेमणूक झाली. गावाची शेवटची वावरं संपली की नदीचं कोरडं पात्र, आणि पात्र ओलांडलं की जंगल. आज तिथे अभयारण्याची कमान आहे, म्हणे तिकीटही आहे. तेव्हा नुसता एक बांबूचा आडवा दांडा होता आणि त्या दांड्याला खेटून उभे असलेले मोरखडे साहेब.

"बाई, गजरा काढा."

"काऊन? माह्या गजऱ्यानं जंगलाचं काय बिघडून राह्यलं?"

"जंगलाचं नाही, तुमचं बिघडते. वर कड्याले आग्या मोहोळ हाय. वासानं माशी उठली तं ह्या लेकराईले टाकून पयावं लागंल तुमाले."

मी गजरा काढला, पण रागाने. त्यांनी तो मोठ्या अदबीने पळसाच्या पानात बांधला आणि दांड्याला टांगला. मग पोरांचे खिसे तपासले. निघालेल्या साऱ्या गुलेरी शेजारच्या बाभळीला लटकल्या आणि ते झाड एखाद्या नवसाच्या झाडासारखं दिसायला लागलं. सहल होईपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. परतताना त्यांनी गजरा परत दिला तेव्हा तो पाणी शिंपडून ताजा ठेवलेला होता. त्यामुळे तर मला जास्तच राग आला.

साहेब रेंजर होते. नाक्यावर उभं राहणं हे गार्डाचं काम, रेंजरने ऑफिसात बसून सह्या करायच्या. पण त्या ऑफिसातल्या खुर्चीत बहुतेक वेळा गार्डच बसलेला असायचा, कारण साहेबांना बसणं जमतच नसे. मूळचे जानेफळकडचे, उंच, किडकिडीत, मानेची शीर कायम ताठ. चहा बशीत ओतून उभ्यानेच प्यायचे. जेवायला बसले तरी एक गुडघा वर, निघायच्या बेतात. बोलता बोलता मध्येच थांबायचे, मान वाकडी करून काहीतरी ऐकायचे आणि वाक्य तसंच टाकून चालू पडायचे. उन्हाळ्यात तर नाक वर करून वास घेत हिंडायचे. त्यांचं आणि माझं क्वार्टर एका भिंतीचं. रात्रंदिवस पलीकडे चपलांचा आवाज. सुरुवातीला मला त्या आवाजाने झोप लागेना, पुढे पुढे तो थांबला की जाग यायची.

जंगलात जाणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतः, तोंडाने, सारे नियम सांगायचे. लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायका ते रोज ऐकायच्या, तरी रोज सांगायचे. बिडी-काडी इथं ठेवा. आवाज करू नका. पिल्लू दिसलं तं हात लावू नका, त्याची माय जवळच असते. जनावर वाटेत असलं तं थांबा, वाट त्याची हाय. गोटा मारू नका, हाका मारू नका. खायचं कोणालेच टाकू नका. उन्हं कलली की पान्याजवळून निघा.

एकदा मी म्हटलं, "साहेब, घसा कोरडा करता. पोरांकडून एक छान पाटी रंगवून देते, टांगून टाका."

"पाटीसंग कोणी भांडते का, बाई?"

"नाही."

"माह्यासंग भांडते. भांडलं म्हंजे आयकलं."

आणि खरंच भांडायचे लोक. आमच्या वऱ्हाडी माणसाला फुकटचा सल्ला म्हणजे उधारीची आठवण, तो तोंड उघडल्याशिवाय राहत नाही. कुणी म्हणायचं, "जंगल काय तुमच्या बापाचं हाय का?" साहेबांना याचा मुळीच राग येत नसे. ते म्हणायचे, "माह्या बापाचं नाही अन् तुह्याही बापाचं नाही. आपून दोघंही पाव्हणे. पाव्हणा माणूस दुसऱ्याच्या चुलीपाशी जाते का? निजलेल्या लेकराले उठवते का? घरधन्याच्या जेवणाच्या वक्ताले ठाण मांडून बसते का?" पाहुणचाराच्या गोष्टी निघाल्या की आमचा माणूस ओशाळतो. बिडीचं बंडल गुपचूप दांड्यावर यायचं.

खामगावच्या एका जिनिंगवाल्या शेठजींची गोष्ट तर माझ्या वडिलांनीच सांगितली, कारण ते त्यांच्याकडे मुनीम होते. शेठजी जीप भरून पाहुणे घेऊन आले होते. अत्तराचे फाये, गळ्यात ट्रान्झिस्टर, डब्यात जिलबी. नाक्यावर साहेबांनी सारं काही सांगितलं आणि शेठजींनी "हो, हो" म्हणत सारं काही ऐकलं. न भांडणाऱ्या माणसाची साहेबांना धास्ती वाटायची, आणि ती खरी ठरली. आत जाऊन मंडळींनी वानरांना हाताने जिलबी चारली. त्यांना मोठी गंमत वाटली असणार. त्यानंतर वानरं वाटेवर येऊन बसायला लागली. लाकडाला जाणाऱ्या बायकांच्या पदरातली भाकर हिसकू लागली. एकीच्या दंडाला चांगलीच नखं लागली.

साहेब उठले आणि एस.टी.ने थेट खामगावला गेले. शेठजी पेढीवर गादीला टेकून कचोरी खात होते. साहेबांनी रामराम केला, पुढे झाले, आणि शेठजींच्या हातातली कचोरी खसकन ओढून घेतली. माझे वडील खातेवही टाकून उभे राहिले.

"असं," साहेब म्हणाले. "असं करून राह्यले तुमचे वानरं आमच्या बायाईसोबत."

मग त्यांनी कचोरी पुन्हा शेठजींच्या ताटलीत ठेवली, रामराम केला आणि पुढची गाडी धरली. शेठजी नंतर कितीतरी दिवस ती गोष्ट स्वतःच हसून सांगायचे, पण जंगलात जिलबी घेऊन काही गेले नाहीत.

इथवर सारं हसण्यावारी नेता यायचं. पण गावाचं आणि साहेबांचं खरं बिनसलं ते रोडग्यांवरून.

नाक्यापासून आत कोसभर गेलं की एक डोह आहे. उन्हाळ्यात बाकीचं सगळं आटलं तरी त्याला पाणी असतं. त्याच्या काठाला शेंदूर लावलेले दगड, त्या आसरामाया, पाण्याच्या देवी. चैत्रात आमची सारी पंचक्रोशी तिथे नवस फेडायला जायची. गोवऱ्या रचायच्या, त्यात कणकेचे जाडजूड रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची, पहिला ऊन ऊन रोडगा मायेपुढे ठेवायचा आणि मग पंगत. नवसाचा विस्तव पाण्याने विझवायचा नाही, हा तिथला रिवाज. पाणी टाकलं तर नवस विझतो म्हणतात. वरून राख सारायची, हात जोडायचे आणि घरी जायचं.

चैत्रातला वारा आणि सागाची वाळलेली पानं. व्हायचं तेच झालं. मी आले त्याच्या पुढच्या साली एका नवसाच्या राखेखालून विस्तव निघाला आणि डोहामागचा अख्खा उतार पेटला. गाव, गार्ड, साहेब, सगळे ओल्या फांद्या घेऊन आगीला झोडपत होते. दोन दिवस आमच्या अंगणात राख पडत होती. साहेब परत आले तेव्हा त्यांच्या भुवया जळाल्या होत्या. माझ्या ओट्यापाशी ते उभे राहिले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरलं आणि प्यायले नाहीत. "सायाळ पाह्यली बिळाच्या तोंडाशी," एवढंच म्हणाले, आणि तांब्या ठेवून पुन्हा नाक्याकडे गेले.

त्या दिवसापासून नियम झाला. चूल पेटवायची ती नाक्याच्या अलीकडे, नदीच्या कोरड्या वाळूत. आत विस्तव न्यायचा नाही. रोडगे भाजून आत न्या, मायेला दाखवा, या.

गाव खवळलं. गंगाबाई म्हणून एक म्हातारी होती, नवसाच्या कामात तिचा शब्द शेवटचा. ती नाक्यावर येऊन कडाडली, "मायेले थंडे रोडगे देऊ? तुह्या सासऱ्याले वाढतं का थंडं?"

"मावशी, आग लागली तं मायेच्या अंगाले लागते."

"हा नवस तुह्या घरचा असता ना, तवा पाह्यली असती म्या तुह्यी गंमत. देवा, दाखव बाप्पा त्याले!"

म्हातारीच्या तोंडून निघालं खरं. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस साहेबांची शकू विषमज्वराने पडली.

शकू माझ्या वर्गात होती, दुसरीत. बापासारखीच किडकिडीत, पण शांत. एकुलती एक. तालुक्याच्या डॉक्टरांना आणलं, औषधं चालू होती, पण ताप उतरेना. भिंतीपलीकडे चपलांचा आवाज आता थांबतच नव्हता. यशोदावहिनी, साहेबांची बायको, शकूच्या उशाशी बसून असायच्या. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"बाई, मी मायेले नवस बोलली. पोरगी उठली तं तिच्या पायाशी पाच रोडगे. ऊन ऊन, वाफेचे."

"साहेबांना सांगितलं?"

"नाही. तुमीही नोका सांगू."

मी सांगितलं नाही. शकू उठावी म्हणून जीव तुटत होता, आणि उठली तर पुढे काय, हेही दिसत होतं. शकू उठली. केस गळाले, पाय काड्यांसारखे झाले, पण दिवाळीनंतर शाळेत आली. मी वर्गातच रडले.

चैत्र लागायच्या आधी वहिनींनी नवऱ्याला सांगितलं. एका भिंतीचं घर, मी कान झाकले असते तरी ऐकू आलंच असतं.

"तुमचा कायदा माणसाले हाय. मायेलेही लावता का?"

"कायदा मायेसाठी नाही, यशोदा. वाऱ्यासाठी हाय."

"माह्या पोरीले उद्या काही झालं तं वाऱ्याले विचारू का मी? मी ऊन रोडगे बोलली. थंडे नाही बोलली."

दार वाजलं. ते बाहेर गेले.

मग घरात अबोला. वहिनी ताट वाढायच्या आणि पाठ फिरवायच्या. गावात मात्र बोलणं थांबेना. पाणवठ्यावर, पिंपळाखाली, शाळेच्या फाटकाशी एकच विषय. साहेब रात्री गुपचूप बायकोला आत नेतील, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, नेलं तर आमच्याही चुली उद्या तिथेच. गंगाबाईंनी तर आपला नवस मुद्दाम अडवून ठेवला होता. "पहिले साहेबाचा होऊ द्या," म्हणायच्या. सारं गाव दांड्याकडे डोळे लावून बसलं होतं. साहेबांनी एकदा आपल्या घरासाठी तो दांडा वर केला असता, तर पुन्हा कुणासाठी खाली आणता आला नसता. आणि नाही केला तर पोरीच्या जिवाची टोचणी वहिनींच्या उरात जन्मभर राहिली असती. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांचंही पटत होतं. मी पोरांवर उगाच खेकसायला लागले.

अशात एका संध्याकाळी साहेब माझ्या अंगणात आले.

"बाई, रोडगा किती वेळ ऊन राहते?"

"म्हणजे?"

"म्हंजे काही नाही," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून पाहते तर परसात साहेब स्वतः गोवऱ्या पेटवून रोडगा भाजताहेत. भाजला, पळसाच्या पानांत गुंडाळला, टोपलीत ठेवला, वरून घोंगडी दाबली आणि टोपली डोक्यावर घेऊन परसात गरागरा चालायला लागले. चाफ्यापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून चाफ्यापर्यंत. मध्येच थांबून टोपलीत बोट घालायचे, पुन्हा चालायचे. सरकारी खाकी चड्डी, डोक्यावर टोपली, घामाच्या धारा. मला हसू आवरेना, तोंडात पदर कोंबला. गार्डाने सुचवलं, "साहेब, खाली गरम राख टाकू का?" त्याच्यावर ते असे उखडले की विचारू नका. "राख म्हंजे निजलेला इस्तोच बे! तोच तं न्यायचा नाही!" मग मडकं झालं, मग दुहेरी घोंगडी झाली. रोज एक रोडगा. आठवडाभर त्यांच्या गुरांनी रोडगेच खाल्ले.

आतल्या खिडकीतून वहिनी हे पाहत होत्या. पण एका दिवशी त्यांनी कणीक स्वतः भिजवून दिली, घट्ट, जाड रोडग्याची. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

नवसाचा दिवस ठरला. पहाटेच नदीच्या वाळूत गोवऱ्या रचल्या. गाव अर्धं जमलं होतं, गंगाबाई सगळ्यांत पुढे, कमरेवर हात ठेवून. रोडगे फुलले, फुटले, वहिनींनी राख झटकून पाच निवडले. साहेबांनी पानं, घोंगडी, सारं नीट केलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि टोपली उचलली. पोरं फिदीफिदी हसली. रेंजर साहेब डोक्यावर टोपली घेऊन, हे आमच्या गावाने कधी पाहिलं नव्हतं. दांड्यापाशी त्यांनी स्वतःचे खिसे उलटे करून दाखवले, काडेपेटी नाही. मग माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने गजरा काढला.

निघालो. पुढे साहेब, मागे शकूचं बोट धरून वहिनी, मग मी, गंगाबाई आणि चारदोन बायका. साहेब जवळजवळ पळतच होते. टोपलीतून वाफेचा वास येत होता. "चला, चला," एवढंच ते मागे न पाहता म्हणायचे. गंगाबाईंना धाप लागली तरी त्या मागे राहायला तयार नव्हत्या, त्यांना स्वतः बोट लावून पाहायचं होतं. अर्ध्याहून जास्त वाट झाली. डोहाकडचा उतार आला. वहिनींच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड दिसला.

आणि साहेब जागच्या जागी थांबले.

वाटेवर मोहाचं झाड होतं, खाली रात्री पडलेल्या फुलांचा सडा. त्या सड्यात ऐन वाटेवर एक अस्वल. पाठीवर पिल्लू, केसांना घट्ट धरून बसलेलं. ती खाली मान घालून फुलं हुंगत होती, फुरफुर करून खात होती, दोन पावलं सरकत होती, पुन्हा खात होती. आम्हाला पाहिलं नव्हतं, किंवा पाहूनही काही वाटलं नव्हतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढ्याची घळ, दुसरी वाट नाही.

आम्ही उभे राहिलो. शकू आईच्या कमरेला बिलगली. ती अस्वलीण काही हलेना. एक फूल झालं की दुसरं. साहेबांनी टोपलीवरचा हात घट्ट केला, सैल केला, पुन्हा घट्ट केला. त्यांनी हळूच घोंगडीच्या आत बोट घातलं आणि बाहेर काढलं. त्यांचा चेहरा मला एका बाजूने दिसत होता, तो पार उतरला होता. घरातला सगळा अबोला, परसातल्या त्या साऱ्या फेऱ्या तिथे वाटेवर थंड होत होत्या.

मग मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. साहेब खाली वाकले. एका हाताने टोपली सावरत त्यांनी दुसऱ्या हाताने वाटेतला गोटा उचलला. त्यांनी, मोरखडे साहेबांनी. त्यांचं तोंड हाक मारायला उघडलेलं होतं. लेकुरवाळं अस्वल बिथरलं तर काय होतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वहिनी पुढे झाल्या आणि त्यांचं मनगट धरलं.

"थांबा," अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "तिचंही लेकरू हाय."

साहेबांनी वळून पाहिलं. गोटा हातात तसाच होता. वहिनींनी तो त्यांच्या मुठीतून काढून घेतला आणि आवाज न होऊ देता गवतावर ठेवला. मग आम्ही सगळे उभे राहिलो, ती आपलं पोटभर खाऊन, पिल्लू पाठीवर घेऊन, झाडीत उतरून जाईपर्यंत. उन्हं चांगलीच वर आली होती. उरलेली वाट कुणी घाई केली नाही.

डोहापाशी वहिनींनी टोपली उतरवून घेतली. शकूच्या हाताने पाचही रोडगे मायेपुढे मांडले. गंगाबाई पुढे झाल्या, एका रोडग्यावर बोट ठेवलं आणि बोट काढून घेतलं. मग वहिनींकडे पाहिलं. बाकी बायकाही वहिनींच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खामगावला गेले आणि जूनमध्ये परत आले तर भिंतीपलीकडे नवा रेंजर होता. साहेबांची बदली झाली होती, चांद्याकडे कुठेतरी. निरोप राहूनच गेला, आणि पुढे भेट कधी झाली नाही. म्हणून माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या डोहाकाठचं. चुंबळ अजून डोक्यावर तशीच, कपाळाला राख, आणि समोर गुडघे टेकून बसलेल्या बायकोकडे ते टक लावून पाहताहेत. वहिनींनी शकूचं डोकं शेंदराच्या दगडांवर टेकवलं, पदर पसरला, आणि शेजारणीशी बोलावं तशा म्हणाल्या:

"थंडे झाले, माय. वाटंत एक लेकुरवाळी होती. तिले पहिले जेवू देलं."